पिंपातली किल्ली

‘डॉन किहोते’मध्ये सांचो पांझा आपल्या घराण्यातल्या दोन माणसांची गोष्ट सांगतो. दोघंही वाइनचे दर्दी. त्यांना एका पिंपातली वाइन चाखायला दिली. पहिल्याने जिभेच्या टोकाला लावून पाहिली आणि म्हणाला, लोखंडाची चव येतेय. दुसऱ्याने नुसती नाकाशी नेली आणि म्हणाला, लोखंड नव्हे, चामडं. मालक म्हणाला, पिंप स्वच्छ आहे, असलं काही त्यात नाही. पुढे पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक छोटी किल्ली सापडली. चामडी वादीला बांधलेली.

१७५७ साली डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने चवीच्या निकषांवर निबंध लिहिला आणि त्यात ही गोष्ट थोडी फिरवून वापरली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चव ज्याची त्याची हे खरं, पण काही माणसांना इतरांपेक्षा खरोखरच जास्त कळतं. इतर लोक त्यांना हसतात, कारण किल्ली अजून सापडलेली नसते.

मला ही गोष्ट आवडते आणि तिचा थोडा रागही येतो. कारण प्रत्यक्षात पिंप रिकामं करून कुणी बघत नाही. एक माणूस ‘चामडं’ म्हणतो, दुसरे चार मान डोलावतात, आणि पाचवा, ज्याला काहीच लागलेलं नसतं, तो गावंढळ ठरतो. हा पाचवा मी बऱ्याचदा असतो.

मी परभणी जिल्ह्यातला. गंगाखेड तालुक्यात गोदावरीच्या काठाला आमचं गाव आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही इतक्या अभिमानाने म्हणतो की त्यात चेष्टा किती आणि अभिमान किती हे आम्हालाही सांगता येत नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. घर माळकरी. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, गळ्यात तुळशीची माळ आहे. आमच्या घरात दारू या वस्तूला चव नव्हतीच. तिला फक्त वास होता, आणि तो संध्याकाळी फाट्याकडून परतणाऱ्या माणसांच्या अंगाला यायचा.

तीनेक वर्षांपूर्वी ऑफिसची टीम नाशिकजवळच्या एका वायनरीत गेली. तिथे माहिती देणारा मुलगा आमच्याच वयाचा, निफाडकडचा, द्राक्षवाल्यांच्या घरातला. त्याने ग्लास धरायला शिकवला, फिरवायला शिकवला, आधी नाक आणि मग जीभ हा क्रम शिकवला. सोव्हिन्यों ब्लां ओतली आणि विचारलं, कशाचा वास येतोय? आम्ही गप्प. एकाने द्राक्षांचा म्हणून सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, ढोबळी मिरची आठवा. त्याने म्हटलं आणि ढोबळी मिरची आली. नुकतीच चिरलेली, बिया काढलेली.

माझ्या मनात पहिला विचार आला तो धंद्यातला. आम्ही मशीनला शिकवतो तेव्हा हजारो चित्रं दाखवून प्रत्येकावर नाव चिकटवतो: हे मांजर, हे मांजर, हे मांजर. मग मशीनला मांजर दिसायला लागतं, कधीकधी उशीमध्येसुद्धा. मला मिरचीचा वास आला की मला मिरचीचं लेबल चिकटवलं गेलं?

संशयाला आधार भरपूर आहे. २००१ मध्ये बोर्दोमध्ये फ्रेडरिक ब्रोशे याने वाइनचा अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, फक्त तिच्यात बिनवासाचा लाल रंग मिसळून. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनला वापरतात त्या शब्दांत केलं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकच वाइन लोकांना दोनदा पाजली, एकदा किंमत पाच डॉलर सांगून आणि एकदा पंचेचाळीस. पंचेचाळीसवाली लोकांना जास्त आवडली, यात नवल नाही. नवल हे की मेंदूच्या स्कॅनमध्ये आनंदाशी जोडलेला भागही तेव्हा जास्त जागा होता. म्हणजे ती माणसं ढोंग करत नव्हती. त्यांना खरोखर जास्त मजा आली होती. ढोंगी माणूस पकडता येतो, ज्याला खरंच आवडतंय त्याचं काय करायचं?

इथे बरेच जण थांबतात आणि जाहीर करतात की वाइनचं सगळं शास्त्र थोतांड आहे. मला ते घाईचं वाटतं. सोव्हिन्यों ब्लांमध्ये मिरचीसारखा वास देणारी पायराझिन नावाची द्रव्यं असतात, आणि ढोबळी मिरचीच्या वासामागेही तीच आहेत. शिराझमध्ये जाणकारांना मिऱ्यांचा वास यायचा. तो कशाचा, हे ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं: रोटंडोन नावाचा रेणू, जो काळ्या मिऱ्यांतही असतो. किल्ली सापडली! पण त्याच कामात आणखी एक गोष्ट बाहेर आली. चाखणाऱ्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला हा रेणू भरपूर प्रमाणात असूनही जाणवत नव्हता. त्यांना कितीही शिकवा, कितीही महागडा ग्लास द्या, त्यांच्यासाठी त्या पिंपात ती किल्ली नाहीच.

हे कळल्यावर मला बरंच मोकळं वाटलं. ज्याला मिरे लागतात तो खोटारडा नाही आणि ज्याला लागत नाहीत तो अडाणी नाही. भांडण चवीचं नसून चवीवरून माणसाची पायरी ठरवण्याचं आहे.

ॲन नोबल या कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापिकेने १९८०च्या दशकात वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. त्यात ‘राजस’, ‘देखणी’ असले शब्द नाहीत. फळ, मग लिंबूवर्गीय फळ, मग नेमकं लिंबू, असं आत-बाहेर जायचं. प्रत्येक वासासाठी स्वयंपाकघरातली वस्तू साध्या वाइनमध्ये टाकून नमुना करायचा आणि हुंगून लक्षात ठेवायचा. इंजिनिअर माणसाला हे पटतं. उपकरण आधी ओळखीच्या वजनावर तपासून घ्यायचं, मग अनोळखी वस्तू मोजायची. अडचण एवढीच की त्या चक्रातला ब्लॅककरंट मी जन्मात पाहिला नव्हता. मग मी माझे शब्द लिहायला लागलो. शिराझसमोर जांभूळ, शेनां ब्लांसमोर पिकायला आलेला पेरू. लाल वाइनचा घोट घेतल्यावर हिरड्या आवळतात त्याला मी बाभळीची शेंग लिहिलं. लहानपणी ती चघळून बघितली नाही असं पोर आमच्या गावात नसेल. बाभळीच्या सालीने चामडं कमावतात आणि त्या सालीतलं आणि वाइनमधलं तुरट द्रव्य एकाच कुळातलं, टॅनिन. सांचोच्या नातेवाइकाला चामड्याची चव लागली ती किल्लीच्या वादीमुळे, पण किल्ली नसती तरी माझा त्याच्यावर थोडा विश्वास बसला असता.

तर हे शब्द लिहिताना मला आजी आठवली.

आजीला लिहितावाचता येत नव्हतं. ती भाकरीचा पहिला तुकडा कोरडा खायची. कोरड्यास नंतर. मग निकाल यायचा. ‘पिठाची विरी गेलीय.’ ‘ही दगडी नव्हं, हायब्रीड हाय.’ ‘ज्वारी भिजल्याली होती काय रं?’ एकदा ती म्हणाली, ‘गिरणीत आपल्या आधी कुणीतरी बाजरी दळलीय.’ सगळे हसले. काकू म्हणाली, आत्याबाईंना आता जात्यात काय पडलं तेही दिसायलंय. संध्याकाळी मी गिरणीवर गेलो तर बाजरीचं पोतं अजून तिथेच होतं. मी तेव्हा चौथीत असेन, ह्यूमचं नाव मला पुढे पंधरा वर्षं कळायचं नव्हतं.

आजीचे शब्द आज लिहून काढले तर एक चक्र सहज होईल. गुळचट, कडसर, पांचट, आंबूस, वातड, खमंग. आणि विरी हा शब्द तर बघा: पीठ पाण्याला कसं धरतं, भाकरी थापताना चिरते की नाही, दळून किती दिवस झाले, हे सगळं दोन अक्षरांत. पण त्या घरात कोणतं बी आणायचं हे तिला कुणी विचारलं नाही. बियाणं पुरुष आणायचे, दुकानदार सांगेल ते. १९६४ साली ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं आणि उत्पन्न वाढलं, ते आवश्यकही होतं. भुकेल्या माणसाला गुळचट-पांचट सुनावण्यात अर्थ नाही, हे आजीच मला म्हणाली असती, तिने बहात्तरचा दुष्काळ पाहिला होता. तरी मला वाटतं, चव कळणारी व्यक्ती घरात बसलेली आणि चवीचा निर्णय बाहेर होतोय, ही रचना फक्त आमच्या घरातली नव्हती.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीवर पुष्कळ काम केलं आहे. परभणी मोती हे टपोऱ्या दाण्याचं रब्बीचं वाण त्यांचंच. लोह आणि जस्त वाढवलेली परभणी शक्ती २०१८ मध्ये आली. नव्या वाणाची भाकरी करून रंग, पोत, चव यांना गुण द्यायचीही पद्धत आहे. म्हणजे ज्वारीचे चाखणारे आहेत, फक्त त्यांच्याकडे सहल जात नाही.

मग ज्वारीत वाइनएवढं चाखण्यासारखं नसेल? हा प्रश्न मला चीनने सोडवून दिला. ग्वेइचौ प्रांतातली माओताय ही तिथली सगळ्यात मानाची दारू. ती लाल ज्वारीची असते. तिच्या वासांचे प्रकार आहेत, दर्दी आहेत, जुन्या बाटल्यांचे लिलाव आहेत. १९७२ मध्ये निक्सन चीनला गेले तेव्हा चौ एन-लायनी त्यांच्यासोबत चषक उंचावला तो माओतायचा. त्याच वर्षी मे महिन्यात परभणीचं विद्यापीठ सुरू झालं. दोन्हींचा संबंध काही नाही, पण मला ही जोडी लक्षात राहते. आपल्याकडेही ज्वारीची दारू झाली. २००७ मध्ये राज्याने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं ठरवलं, त्यावरून गदारोळ झाला. पावसात काळी पडलेली ज्वारी कुठे घालायची याचं ते उत्तर होतं. त्या सगळ्या वादात ज्वारी म्हणजे स्टार्चचं पोतं होतं. इकडे दाण्याच्या चवीबद्दल अक्षर नाही आणि तिकडे त्याच धान्यावर अख्खी संस्कृती. परभणीत माओताय व्हावी असं मी म्हणत नाही. म्हणायचंय ते एवढंच की एखादी वस्तू चाखण्यालायक असते ती बरीचशी पिढ्यान्पिढ्या कुणीतरी तिच्याकडे लक्ष देऊन बोलल्यामुळे.

नाशिकचंच बघा. तिथे द्राक्षं आधीपासून होती, पण खायची. वाइनचं म्हणाल तर ऐंशीच्या दशकात नारायणगावला इंडेजने फसफसणारी वाइन करून दाखवली. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकलमध्ये नोकरी केली, ती सोडून नाशिकला आले आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. (आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी कुणीतरी नोकरी सोडून शेती करणार असतं. सोमवारी सगळे हजर.) उसाच्या अकलूजमध्ये फ्रातेल्लीने इटलीची सांजोव्हेजे लावली. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्याला आज नाशिकची चव म्हणतात ती वयाने जवळपास माझ्याएवढी आहे.

आणि ती आकाशातून पडलेली नाही. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटायची: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. काढणी जानेवारी ते मार्च, जेव्हा युरोपच्या बागा उघड्या काड्या असतात. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं, आणि एकरी मुद्दाम कमी घ्यायचं, म्हणजे रस दाट होतो. आता यात एक मेख आहे. असलं द्राक्ष हातगाडीवर कुणी घेत नाही. २००८च्या मंदीनंतर काही कंपन्यांनी माल उचलणं थांबवलं, तेव्हा नाशिक भागात बऱ्याच शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून टाकल्या. थॉम्पसन असती तर पडेल भावाने का होईना विकली असती. शिराझ कुणाला विकणार?

वाइनच्या ग्लासात मला शेवटी दिसते ती ही गोष्ट. माझी जीभ खासगी आहे, पण माझी चव खासगी नाही. मी शिराझ ओळखायला शिकलो की कुणीतरी ती लावतो. मला कंटाळा आला की तो ती उपटतो. हेच ज्वारीचं. आमच्या शेतात खरिपाची ज्वारी होती, तिथे आता सोयाबीन आहे, मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी तेच. कारणं पैशाची आहेत, पाखरांची आहेत, मजुरीची आहेत, पण एक कारण पुण्यात माझ्या ताटातही आहे. गव्हाची पोळी खाऊन मोठी झालेली जीभ भाकरीत फरक कशाला शोधेल? चव हा शौक म्हणून सोडून देता येत नाही तो यासाठी. आपण काय ओळखायचं ठरवतो आणि काय ओळखायचं सोडून देतो, याचा हिशेब दुसऱ्या कुणाच्या तरी सातबाऱ्यावर निघतो.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. वाइन पितो हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं. ते चिडले नव्हते, नुसते गप्प झाले होते, आणि ते जास्त जड होतं. त्यांचा मुद्दा मी माझ्या शब्दांत मांडतो, कारण तो मला खोडता आलेला नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. त्या वेळी बाजूने दोन वाक्यं सगळीकडे फिरत होती: शेतकऱ्याचं भलं होईल, आणि वाइन म्हणजे दारू नव्हे. अण्णांना पहिल्यावर बोलायचं नव्हतं. दुसऱ्यावर ते म्हणाले, ‘चांगल्या घरचा पोरगा पितो ती वाइन, अन् आपला चुलता पिऊन मेला ती दारू, असंच ना?’

हिशेब अण्णांच्या बाजूने आहे. वाइनचा १५० मिलीचा ग्लास घ्या, अल्कोहोल १३ टक्के धरा: साडेएकोणीस मिली. ४५ मिलीचा पेग, ४० टक्के: अठरा मिली. यकृताला ढोबळी मिरचीचा वास येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही. आपल्याकडे गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायका मतदान करतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीला मत दिलं की दुकान बंद. त्या कागदावर बाटलीत काय आहे हे विचारत नाहीत आणि तेच बरोबर आहे.

तरी मला वाटतं अण्णांचा मुद्दा चवीच्या विरोधात जात नाही. तो चवीचा परवाना म्हणून वापर करण्याच्या विरोधात जातो. मिरे लागणं ही खरी गोष्ट आहे. मिरे लागतात म्हणून ती दारू नाही, ही थाप आहे. माझ्या ओळखीतले बरेच लोक पहिलीच्या जोरावर दुसरी खपवतात, आणि देशी पिणाऱ्याकडे बघून नाक मुरडतात. नाक तेवढ्यासाठी शिकवलेलं नसतं.

मी अण्णांना म्हणालो, चव कळायला लागल्यापासून मी कमी पितो, एक ग्लास तासभर पुरतो. ते म्हणाले, ‘ज्यानं शिकवलं त्याला चालतंय का हे? त्याला तर बाटल्या विकायच्यात.’

मग मी त्यांना सांगितलं की जे खरे चाखणारे असतात, दिवसाला पन्नास-साठ वाइन तपासतात, ते गिळत नाहीत. तोंडात घोळवतात, काय आहे ते लिहितात आणि शेजारच्या भांड्यात थुंकतात. अण्णांना हे माहीत नव्हतं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. सगळी? सगळी. महागातली पण? महागातली पण. त्यांच्या चेहऱ्यावर वाइनबद्दल पहिल्यांदा काहीतरी आदरासारखं आलं.

‘हे बरं हाय,’ ते म्हणाले. ‘मग तू का गिळतोस?’

मी म्हणालो, घशाखाली गेल्यावर मागून नाकात एक वास येतो, त्याशिवाय चव पुरी होत नाही. हे खरं आहे. अण्णांनी ऐकून घेतलं, पायातली चप्पल झटकली आणि पाणी द्यायची पाळी होती म्हणून मोटार चालू करायला निघून गेले.